हात चांगले आहेत हिचे

सरांच्या हातात लाल ठिपक्याचं पेन होतं. समोरच्या पडद्यावर मी होते, थांबवलेली. तोंड अर्धवट उघडं, केस कपाळाला चिकटलेले, मान उजवीकडे वळलेली. बॉल माझ्या डाव्या हाताखाली हवेत अडकलेला. तो लाल ठिपका आधी बॉलवर फिरला, मग वर सरकत सरकत माझ्या कपाळावर येऊन थांबला.

"हे बघा," सर म्हणाले. "बॉल इथे. मुलगी बघते तिकडे. मला सांगा, डोकं कुठे आहे?"

बारा मुली होत्या खोलीत. कॉलेजची वरच्या मजल्यावरची खोली, पडदे ओढलेले, पंखा बंद, कारण त्याच्या खडखडाटात सरांचं बोलणं ऐकू येत नाही. दर मॅचनंतर असं बसायचं ही आमच्या बास्केटबॉल टीमची पद्धत. कोणीतरी मोबाईलवर मॅच काढायचं, सर ती पडद्यावर लावायचे आणि चुकांवर ठिपका ठेवायचे. ठिपका सगळ्यांच्या वाट्याला यायचा. कोणाच्या पायावर, कोणाच्या हातावर, कोणी मोकळ्या सोडलेल्या जागेवर. कपाळावर फक्त माझ्या.

"हात चांगले आहेत हिचे," सर पुढे म्हणाले. "सोनं आहेत हात. पण पॉईंट गार्ड म्हणजे टीमचं डोकं. नुसत्या हातांनी काय होतंय?"

मागून काव्याचा आवाज आला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका.

"कोटा हर जगह आ गया है, सर."

हसल्या. सगळ्या नाही. ज्या हसल्या नाहीत त्या मांडीकडे बघत बसल्या. सरांनी काव्याला गप्प केलं नाही. ओठ दाबून स्वतःचं हसू आवरलं आणि व्हिडिओ पुढे सोडला. पडद्यावर समोरच्या टीमच्या मुलीने माझ्या हातातून बॉल काढून नेला. खरोखर घडलं तेव्हा माझा फक्त बॉल गेला होता.

आणि मी काय केलं? वही उघडली. "निर्णय लवकर घेणे" असं लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या. शहाणी मुलगी ना मी.

माझी ॲडमिशन कोट्यातली आहे, हे खरं. ॲडमिशनच्या यादीत नावापुढे काय लिहिलेलं असतं ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. टीममधली जागा कोट्यातली नव्हती. बॉलला नावापुढचं वाचता येत नाही. पण हे मी तेव्हा म्हटलं नाही. आता लिहितेय, एवढंच.

बास्केटबॉलला मी खो-खोमधून आले. आमची शाळा काशीगावातली. मैदान म्हणून मातीचा एक तुकडा. खो-खोला लागतं काय, दोन खांब आणि पोरी. मी बुटकी, चपळ, वळायला मासळीसारखी. आणि माझं एक मोठं कौतुक होतं. बसलेली असले तर खो मिळेपर्यंत जागची हलायचे नाही. पाठीवर थाप पडून "खो" ऐकू येईपर्यंत उठायचं नाही, उठलं तर फाउल. तो फाउल माझ्या नावावर कधीच लागला नाही. बाई बाकीच्या पोरींना म्हणायच्या, हिच्याकडून शिका, सांगितल्याशिवाय ढिम्म हलत नाही.

कॉलेजात आले आणि पहिल्याच वर्षी सरांनी ट्रायलला माझ्याकडे बॉल फेकला. मी झेलला आणि न बघता परत दिला, बरोबर छातीवर. सर थांबले. म्हणाले, कुठे शिकलीस? मी म्हटलं, खो-खो. ते मोठ्याने हसले आणि नाव लिहून घेतलं. हे मी नाकारत नाही. माझे हात पहिल्यांदा त्यांनीच ओळखले.

पॉईंट गार्ड म्हणजे जिच्याकडे बॉल आधी येतो ती. तिने तो पुढे न्यायचा, कोण मोकळं आहे ते बघायचं आणि ठरवायचं. द्यायचा, घुसायचं, की स्वतः मारायचा. चोवीस सेकंदांच्या आत. बाकीच्या चौघी तिच्या ठरवण्यावर पळतात. उंच मुलींच्या खेळात बुटकीला मिळणारी ही एकच जागा, आणि सगळ्यात मोठी तीच. ती जागा मला जिवापाड आवडली होती. घरात, वर्गात, रस्त्यावर, कुठेही मी ठरवल्यावर कोणी पळत नव्हतं.

पहिल्या वर्षी माझा डावा हात म्हणजे नुसता लटकवलेला. समोरच्या टीमला दोन मिनिटांत कळायचं की ही उजवीकडूनच जाणार. मग सरांनी साल निघालेला एक जुना बॉल घरी न्यायला दिला. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी आमच्या गल्लीत मी डाव्या हाताने तो आपटायचे. शेजारचे शिव्या द्यायचे. पप्पा कामावर जायच्या आधी दारात बसून बघायचे. पप्पा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशवर आहेत. फिरत्या चाकावर भांडं धरायचं, ते आरशासारखं होईपर्यंत. बॉल ते पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते, पण दोन दिवसांत त्यांनी माझी चूक पकडली.

"हाताकडं बघू नको," ते म्हणाले. "चाकावर आम्ही हाताकडं बघितलं की बोट गेलंच समज."

तेव्हापासून मी मान वर ठेवून आपटायला शिकले. वर्षभरात डावा हात उजव्याच्या बरोबरीला आला. दुसऱ्या वर्षी टीमची पॉईंट गार्ड मी झाले. बॉल हातातून निसटणं बंद झालं, पास वेळेवर जायला लागले, दमायचे तरी पाय सुटायचे नाहीत. सर सगळ्यांसमोर म्हणाले, वर्षभरात एवढी सुधारलेली मुलगी मी बघितली नाही. मी ते घरी येऊन तीनदा सांगितलं.

एकच गोष्ट राहिली. कोंडीत सापडले, दोघी दोन बाजूंनी अंगावर आल्या, की माझी मान बेंचकडे वळायची. सर काय म्हणतात? जाऊ? देऊ? अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात बॉल गेलेला असायचा. पुढेपुढे इतर कॉलेजच्या मुलींना हे माहीत झालं. त्या मला मुद्दाम आमच्या बेंचच्या बाजूला रेटायच्या आणि माझी मान वळायची वाट बघायच्या.

बॉल काव्याच्या हातूनही जायचा. काव्या माझ्याच जागेसाठी तयारी करत होती. वाईट खेळायची नाही ती, खोटं कशाला बोलू, लांबून शॉट तर माझ्यापेक्षा सुंदर मारायची. तिच्या वडिलांचं शांती नगरात मोठं दुकान आहे. आमच्या जर्सी त्यांनी दिलेल्या, पाठीवर दुकानाचं नाव. माझ्याही पाठीवर. मॅचला ते सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. काव्याचा बॉल गेला की सर म्हणायचे, ठीक आहे, रिस्क घेतली. माझा गेला की डोकं.

मान का वळते, हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आज सांगते.

मी लहान असताना आई शांती नगरातल्या तीन घरांत काम करायची. मला ठेवायला कोणी नव्हतं म्हणून सोबत न्यायची. बिल्डिंगच्या जिन्यात ती रोज एकच वाक्य म्हणायची, विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. एकदा मी एका घरात फ्रिजजवळ फरशीवर बसले होते. तहान लागली होती. समोर माठ, माठावर पेला. आई आत बाथरूममध्ये कपडे धूत होती, मॅडम फोनवर. विचारायला कोणी मोकळं नव्हतं, म्हणून मी बसून राहिले. आई आली तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. मॅडम आईला म्हणाल्या, किती गुणी आहे हो तुमची मुलगी, तासभर आवाज नाही. आईचा चेहरा फुलला. त्या दिवशी मला एक बिस्कीटचा पुडा मिळाला.

पप्पांचंही तेच. गाळ्याच्या शेठच्या केबिनला दरवाजा आहे, तो उघडाच असतो. पप्पा दारात उभे राहतात. शेठने मान वर केली की आत. नाही केली की उभेच. अठरा वर्षं झाली.

त्या व्हिडिओच्या दिवशी सगळ्या गेल्यावर सरांनी मला थांबवलं. आवाज मऊ होता. म्हणाले, पुढच्या स्पर्धेला काव्या पॉईंट खेळेल. तू विंगला. बाजूने पळायचं, समोरचीला अडवायचं. "विचार करायची भानगडच नाही. तुला सोपं जाईल."

मी म्हटलं, "हो, सर." वर थँक्यू पण म्हटलं. काव्याच्या त्या वाक्यापेक्षा मला माझं ते थँक्यू जास्त टोचतं. अजून.

घरी येऊन जेवताना सांगितलं. कोट्याचं वाक्य गाळलं, बाकीचं सांगितलं. आई भात वाढत राहिली. पप्पांचा घास हातातच थांबला.

"हात चांगले हायेत म्हणले ना पण, सर?"

"हो."

"मग झालं की."

खरंच खूश होते ते. त्यांना अर्धंच वाक्य ऐकू आलं होतं. कारण त्यांच्या आयुष्यात तेवढंच वाक्य कोणी म्हटलं होतं. शेठही त्यांना तेच म्हणतो. चार वर्षांपूर्वी गाळ्यात सुपरवायझरची जागा झाली, तेव्हा शेठने गावाकडचा एक भाचा आणून बसवला, ज्याला पॉलिशमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पप्पांना म्हणाला, तुझा हात चांगला आहे, तू मशीनवरच पाहिजेस. पप्पांनी ते आम्हाला घरी हसत सांगितलं होतं. मीही तेव्हा हसले होते, अभिमानाने. त्या दिवशी जेवताना मला ते हसू आठवलं आणि मी घास ताटात परत ठेवला.

रविवारी नाझियाने मला त्या मॅचचा पूर्ण व्हिडिओ पाठवला. नाझिया आमची सगळ्यात उंच खेळाडू, रिंगखाली उभी राहणारी. मॅच तिच्या भावाने समोरच्या कट्ट्यावरून मोबाईलवर काढली होती. सोबत तिने एवढंच लिहिलं होतं, "पूरा देख. सिर्फ खुद को मत देख."

दुपारी आई-पप्पा दोघं झोपले होते. मी उंबऱ्यावर बसून बघायला लागले. समोरून काढल्यामुळे आमचा अख्खा बेंच त्यात मागे दिसत होता. सरांनी पडद्यावर लावला तेव्हाही दिसत असणार. पण ठिपका माझ्या कपाळावर होता, मग बेंचकडे बघणार कोण.

माझी मान अकरा वेळा वळली होती. मी प्रत्येक वेळी थांबवून बघितलं. अकरापैकी नऊ वेळा सर माझ्याकडे बघतच नव्हते. एकदा फोन कानाला. एकदा पाण्याची बाटली शोधताना. एकदा पाठमोरे. आणि ती जागा, जिथे माझ्या कपाळावर ठिपका ठेवला होता? तिथे सर काव्याच्या वडिलांकडे झुकून कशावर तरी हसत होते. हातात चहाचा कप.

मी तिथेच थांबवलं आणि किती तरी वेळ बघत राहिले. एका कोपऱ्यात मी, दोघींच्या कोंडीत, मान वळवून विचारतेय. दुसऱ्या कोपऱ्यात ते, चहा. मी ज्याची परवानगी मागत होते तो तिथे नव्हताच. कधीच नव्हता. माठ समोर होता, पेला समोर होता, आणि मी फरशीवर बसून होते.

रडू आलं. आधी माझ्यासाठी, मग पप्पांसाठी. आत ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते, कानाच्या पाळीमागे पॉलिशचं काळं तसंच. ते साबणाने जात नाही. मग रडू थांबलं आणि राग आला. इतका स्वच्छ राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

सोमवारी प्रॅक्टिसला सरांनी टीम पाडल्या. काव्या पॉईंट, मी विंग. सगळ्या आपापल्या जागी गेल्या. मी गेले नाही. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

"सर, मी विंगला खेळणार नाही. पॉईंटला खेळीन, नाहीतर बसेन."

ते आधी हसले. मग म्हणाले, "हे कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच म्हणालात, निर्णय घे."

मी पुढचंही बोलले. "मी तुमच्याकडे बघते ही माझी चूक आहे. पण मी बघते तेव्हा तुम्ही बघत नसता. व्हिडिओत आहे."

सरांचा चेहरा उतरला, हे मी पाहिलं. क्षणभरच. मग त्यांनी शिट्टी तोंडात धरली, काढली, बेंचकडे बोट केलं.

"मग बस."

बसले. प्रॅक्टिसला बसले, स्पर्धेच्या पहिल्या दोन मॅचना बसले. काव्याच्या मैत्रिणी माझ्या पायाशी पाण्याच्या बाटल्या ठेवून जायच्या, भरून आणायला. मी भरून आणल्या नाहीत. नाझिया स्वतः उठून भरायची आणि जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारायची. बसणं सोपं नव्हतं. घरी सांगितलं नव्हतं. रोज वाटायचं, जावं, माफी मागावी, विंग तर विंग. हातांना बॉल हवा होता.

तिसरी मॅच आमच्याच कॉलेजच्या कोर्टवर होती. हरलो की स्पर्धेबाहेर. पप्पांनी मला मॅच खेळताना कधी पाहिलं नव्हतं. आदल्या दिवशी म्हणाले, उद्या अर्धा दिवस हाय, येतो. मी बसलेली असते हे सांगायचा धीर झाला नाही. या म्हटलं.

मॅच चार वाजता सुरू झाली. मी बेंचवरून गर्दीत पप्पांना शोधत राहिले. दिसले नाहीत. नेहमीप्रमाणे शेठने थांबवलं असेल म्हटलं. मनात कुठेतरी बरंही वाटलं, बसलेली तरी नाही बघणार. शेवटची तीन मिनिटं राहिली आणि काव्याचा पाचवा फाउल झाला. पाच झाले की खेळाडू बाहेर. सरांनी बेंचवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. पॉईंट खेळू शकणारी दुसरी कोणी नव्हती.

"जा," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

पहिल्याच खेपेला दोघी माझ्या अंगावर आल्या, नेमक्या आमच्या बेंचच्या बाजूला. त्यांना पाठ होतं. मान हलली, खरंच हलली, पण मी ती तिथेच धरली. दोघींच्या मधून खाली आपटून नाझियाला पास दिला. तिने टाकला. पुढच्या खेपेला डावीकडून घुसून मीच टाकला. कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं. तीन मिनिटं मी त्या जागेवर होते आणि मला वाटलं, हेच आहे, हे मला माझ्यापासून कोणी काढून घेऊ शकत नाही.

शेवटचे अकरा सेकंद. आम्ही एका पॉईंटने मागे. बॉल माझ्याकडे. दोघी परत आल्या. मी मान अशी काही आवळून धरली की ती कुठेच वळेना. बेंचकडे नाही, आणि दुसरीकडेही नाही. मला फक्त रिंग दिसत होती. डावीकडून गेले, उडी मारली, मारला. बॉल रिंगच्या कडेवर आपटला, फिरला आणि बाहेर पडला.

हरलो.

खाली आले तेव्हा दिसलं. रिंगच्या पलीकडच्या बाजूला नाझिया उभी होती. एकटी. दोन्ही हात वर.

सर जवळून गेले, म्हणाले, "बघितलंस?" बस, तेवढंच. काव्या टॉवेलने तोंड पुसत बसली होती, तिला आज काही बोलायची गरज नव्हती. नाझिया माझ्याशेजारी येऊन बसली. बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली, "मैं खाली थी."

"पता है."

"अब पता है. तब देखा नहीं तूने."

तिचा आवाज चढला नव्हता. ती चूक सांगत होती, आणि ती चूक माझी होती. विचारून केलेल्या चुकीत निम्मा वाटा दुसऱ्याचा असतो. ही अख्खी माझी. जड होती. पण नाझियाच्या त्या बोलण्याने मी लहान झाले नाही. सरांच्या ठिपक्याने झाले होते. चूक दाखवणं आणि माणूस दाखवणं यातला फरक मला त्या बाकावर कळला.

बॅग उचलून गेटबाहेर आले तर पप्पा. गेटच्या खांबाला टेकून. तोंड धुऊन आलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवीत चार केळी.

"कधी आलात?"

"चार वाजल्यापासनं हाय."

"आत का नाही आलात?"

"वॉचमनला विचारलं, जाऊ का. त्यो म्हणला, थांबा, विचारून सांगतो." पप्पांनी वॉचमनकडे बघितलं. त्यांच्याच वयाचा माणूस, खुर्चीत अवघडून बसलेला. "त्याचा फोन कोणी उचलला न्हाई."

दीड तास. प्रवेश सगळ्यांना खुला होता. गेटवर भला मोठा फलक होता, सर्वांचे स्वागत. काव्याची आई, मावशी, बिल्डिंगमधल्या बायका, सगळे त्याच गेटने वॉचमनकडे न बघता आत गेले होते. पप्पांनी ते गेलेले पाहिले होते. मी विचारलं, मग तुम्ही का नाही गेलात त्यांच्या मागून? त्यांनी पिशवीतून केळं काढून माझ्यापुढे धरलं.

"जितले का?"

"हरलो. माझ्यामुळे."

"असू दे. हात तर चांगला चालला आसंल."

मी ओरडले. भर रस्त्यात, वॉचमनसमोर, बापावर ओरडले. पुन्हा ते म्हणायचं नाही, हाताचं पुन्हा नाव काढायचं नाही. त्यांना कळलं नाही काय झालं. केळं धरलेला हात तसाच पुढे. बोटांच्या पेरांत काळं भरलेलं. मग तो हात हळूहळू खाली गेला. आम्ही काशीगावापर्यंत एकमेकांशी न बोलता चालत आलो. ज्याच्यावर ओरडायला हवं होतं तो आत चहा पीत होता, आणि मी ओरडले कोणावर, तर दीड तास उन्हात माझ्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसावर. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. कशी मागायची ते कळत नाही.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. या महिन्यात टीमची निवड पुन्हा झाली. खेळ विचाराल तर डावा हात आता उजव्यापेक्षा सरस आहे, लांबचा शॉट पण बसायला लागलाय. मान अजून वळते. खोटं सांगणार नाही. पूर्वीपेक्षा कमी, पण वळते. आणि कधीकधी ती वळू नये म्हणून मी इतकी ताठ होते की मोकळी मुलगी दिसत नाही. नाझिया रोज प्रॅक्टिसनंतर थांबते. दोन्ही बाजूंनी पोरी अंगावर घालते आणि मधूनच हात वर करून ओरडते, "इधर! मुझे देख, मुझे!" बेंचकडे बघायचं नाही, पण आपल्या माणसांकडे बघायचं. हे शिकायला डाव्या हातापेक्षा जास्त वेळ लागतोय.

निवडीच्या दिवशी सरांनी फॉर्म वाटले. नाव, वर्ग, उंची. शेवटचा रकाना जागेचा. त्यापुढे कंसात छापलेलं, प्रशिक्षकांनी भरावे. बाकीच्यांनी तो कोरा सोडला. मी पेन उचललं. उचललं आणि मान वर झालीच. टेबलापलीकडे सर बसले होते, आणि नेमके या वेळी ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. मान खाली घातली आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं, पॉईंट गार्ड. शाईने.

ते खोडतील, तर खोडू देत. मी बसेन. मग पुन्हा लिहीन. चुका करीन, पुष्कळ करीन, आणि माझ्या चुकांना नाव मी देईन. पण माझं डोकं कुठे आहे, हे यापुढे मला कोणी पडद्यावर दाखवायचं नाही.

पुढच्या शनिवारी पहिली मॅच आहे, आमच्याच कोर्टवर. पप्पांना म्हटलं, या वेळी गेटवर कोणाला विचारायचं नाही, सरळ आत यायचं. ते बरं म्हणाले. मला माहीत आहे, ते विचारणार. म्हणून मी आधी गेटवर जाणार आहे. आत वॉर्म-अप सुरू झालेला असला तरी, सरांनी शिट्टी मारली तरी. त्यांचा हात धरीन, वॉचमनकडे न बघता त्यांना आत आणीन, सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवीन. आणि मग माझ्या जागेवर जाऊन उभी राहीन.